पंतोजी मेल्यानंतरची पानं

कडाव
२ नोव्हेंबर २०२५

ती. जागृतीताईस,
ऋषिकेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडायला लागतेस आणि मला फोन ठेवावा लागतो, म्हणून हे पत्र. भाऊबीजेला ओवाळता ओवाळता तू जे बोललीस, त्याचं उत्तर नाही असंच आहे. तुझी किडनी मला नको. तपासण्या जुळल्या, मनोजभावजींनी हो म्हटलं, हे सगळं कळलं. तुझ्या हट्टापुढे ते बिचारे काय बोलणार! पण तुझ्या दोन्ही पोरी अजून शिकतायत. तुला काही झालं तर मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?

जितेशच्या दुधाच्या टेंपोतून आबांची एक जुनी कादंबरी पाठवतोय. दुष्काळात एक पंतोजी उपाशी असतो. शेजारची म्हातारी रोज पेज घेऊन दाराशी येते, पण तिच्या तोंडचा घास नको म्हणून तो कडी काढत नाही. मरतो, पण ताठ मरतो. लेखक म्हणतो, ज्याचं दुःख त्याने वाहावं, त्यातच माणसाची अब्रू. शाळेत मुलांना एवढं शिकवतो, पण असं मला कधी सांगता आलं नसतं. वाच, म्हणजे राग जाईल. डायलिसिस वेळच्या वेळी चालू आहे, काळजी नको. गुडघ्याला तेल लाव.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे.
तुझा ऋषी


कडाव
७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईंना,
श्रद्धाचा शि. सा. न.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. आपलं घर केवढं, फोनवर बोललेलं सगळं ऐकू जातं. ताई, काळजी नको असं ह्यांनी लिहिलं असेल तर ते खरं नाही. मंगळवारी डायलिसिसला म्हणून निघाले आणि भिवपुरी स्टेशनच्या बाकावर दिवसभर बसून परत आले. शेजारच्या भिवाजीकाकांनी पाहिलं म्हणून कळलं. पाय सुजलेत, आडवं झालं की धाप लागते. काल मीच हाताला धरून नेलं.

भाताचंही तसंच. भिवाजीकाका आणि सोनुबाई सावडीला माणसं घेऊन आले होते. दरवर्षी आपलं ते कापतात, त्यांचं आपण. ह्यांनी बांधावरूनच परत पाठवलं. मी तुमच्या कापणीला येऊ शकत नाही, मग तुम्ही कशाला येता, म्हणाले. सोनुबाईंचं तोंड एवढंसं झालं. भात उभंच आहे, दाणा झडतोय.

माझी किडनी जुळली असती तर मी ह्यांना विचारलंही नसतं, ताई. मला फार भीती वाटते. तुम्हीच काहीतरी करा.

तुमचा हात पाठीवर असू द्या.
आपली श्रद्धा


खालापूर
११ नोव्हेंबर

चि. ऋषीस,
आशीर्वाद. अनेक उत्तम वगैरे लिहायला आज हात वळत नाही, एकच घे.

पुस्तक वाचलं. हसू नकोस. दिवाळी अंकातल्या पाककृतींपलीकडे न जाणाऱ्या तुझ्या बहिणीने, भाकऱ्या करपवून, अख्खं वाचलं. तुझ्या पेन्सिलीच्या रेघा पंतोजी मरतो तिथपर्यंतच आहेत. पुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती, मी सुरी घालून सोडवली. मास्तर असून अर्ध्या पुस्तकावर मला धडा शिकवतोस होय रं?

अरे, पुढे सगळी त्या म्हातारीची गोष्ट आहे. गाव पंतोजीला साधू करून मोकळा होतो. ती मात्र विचार करत बसते, माझ्या पेजेत काय वाईट होतं? का मीच वाईट? शेवटी ती चूल पेटवायचीच बंद होते. तुझा लेखक तिथे लिहितो, की आपलं दुःख आपण एकटेच वाहतो असं ज्याला वाटतं, त्याने जरा मागे वळून बघावं. ते वाचून मी पुस्तक फेकलं. मग उचलून पुसलं, आबांचं म्हणून.

सोनुबाईला बांधावरून परत पाठवलंस, ही अब्रू? लोकांच्या पोरांना फुकट शिकवायला तू पहिला, कुणाचं छप्पर शाकारायला तू पहिला. देताना कसा खुशीत असतोस! घ्यायची वेळ आली की लगेच मान ताठ. आम्ही काय फक्त तुझं घ्यायला जन्मलो?

ऑपरेशनची भीती मलाही वाटते.  पण तू त्या बाकावर बसून राहिलास हे कळल्यापासून दुसरं काही सुचत नाही. तुला मेल्या म्हणायची मला सवय, आता तेही लिहवत नाही बघ. पोरींचं निमित्त करू नकोस, मामाला वाचव म्हणून त्याच माझ्या मागे लागल्यात. मला साधू नको, भाऊ हवा.

श्रद्धावर ओरडलास तर गाठ माझ्याशी आहे.

रागात असले तरी तुझीच,
ताई


कडाव
१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

श्रद्धावर ओरडलो नाही.  मग भिवाजीकाकांच्या ओटीवर गेलो. आमचं भात कापून द्याल का, एवढं म्हणायला चहा थंड होईपर्यंत बसलो. काल त्यांनी कापलं. मी बांधावर बसून होतो, लाजेने मेल्यासारखं झालं होतं. पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता, त्यांची आपली थट्टामस्करी चालू होती.

अब्रू वगैरे काही नाही, ताई. भीती आहे. तुझी किडनी माझ्या अंगात टिकली नाही तर? तसं होऊ शकतं, डॉक्टरांनी लपवलेलं नाही. तुझी गेली आणि माझ्या कामी आली नाही, तर मी काय करू? त्यापेक्षा नकोच म्हणणं सोपं होतं. भिवपुरीला बसलो तेव्हा ठरवून टाकलं होतं, पुरे झालं आता. आणि दुपारी काय झालं सांगू? भूक लागली. समोर गरम वडे तळत होते आणि डॉक्टरांनी मला बंद केलेला तो वडापाव खावासा वाटून जीव नुसता कासावीस झाला. साधू व्हायला निघालेल्या माणसाची ही गत.

तेव्हाच कळलं होतं, तुला सांगायची हिंमत नव्हती. ताई, मला जगायचंय. मी भिकाऱ्यासारखा मागतोय असं वाटलं तरी चालेल. तुझी किडनी मला दे.

तुझा ऋषी