उत्तर ध्रुवाचा कायदा आणि आपला बंब

तीर्थरूप वासुदेवअण्णांना शंभूचा वाकून नमस्कार. तुमच्या जहाजावर थंडी फार असेल, कानटोपी घालत जा (आईनं विणलेली, दुसरी कानांना पुरत नाही). इथे सगळे खुशाल आहेत असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं कशाला लिहू?

तुमचं मागचं पत्र मी जिन्यावर बसून मोठ्यानं वाचलं, तिथं चुकलं. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाड काळं तेल जाळायला सगळ्या देशांनी मिळून बंदी घातली, कारण काजळी बर्फावर बसते आणि काळा पडलेला बर्फ लवकर वितळतो, हे मला फार भारी वाटलं. वरच्या मजल्यावरच्या सकवारअक्का ऐकत होत्या. गच्चीवर त्यांचे तांदळाच्या पिठाचे, तळायचे संडिगे वाळत होते आणि खाली अप्पांचा बंब करवंट्यांवर धुमसत होता.

"बर्फाला कायदा, मग माझ्या संडिग्यांना काय रे? ते पांढरे नव्हेत?"

अप्पा म्हणाले, काही जहाजांना २०२९ पर्यंत सवलत आहे, तीच मला द्या. (तेही मीच वाचलं होतं. अर्ध्यावर थांबायची अक्कल नाही.) अक्का म्हणाल्या, सवलत दुहेरी कवचाच्या टाक्यांना आहे, तुमच्या बंबाला एक बूड तरी धड आहे का?

बंब आईच्या माहेरचा. अप्पांनी तो विझवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि जयनगरला आत्याकडे निघून गेले. तिथं गीझर आहे. आत्या सांगते, त्या पाण्याला वास नाही म्हणून अप्पा नुसतं शिंपडून घेतात. इथं धुराशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

तरी समुद्राचा कायदा शिवाजीनगरच्या गच्चीला लागू नाही, एवढं अप्पांना कळवावं.

तुमचा धाकटा,
शंभूराज

ता. क. नुसतं कळवून भागणार नाही. अप्पांना सवलत कागदावर हवी, जहाजाच्या शिक्क्यासकट. कप्तानसाहेबांना माझ्या वतीनं विनंती करावी.

आणखी ता. क. अक्का आत्ताच रिकामी बादली घेऊन खाली आल्या होत्या. (बंबातली पहिली बादली रोज त्यांचीच असायची, भांडणात हे कुणालाच आठवलं नाही.) "सरी, ठीक आहे, त्या सवलतीत माझंही नाव घालायला सांग," म्हणाल्या. अप्पांसाठी संडिग्यांचा डबाही दिला आहे. काजळी बसलेलेच आहेत, पण तळल्यावर दिसत नाही.