चव उत्तम, सही माझी

सेलू,
बुधवार, संध्याकाळ

आदरणीय आश्रुबा दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सिद्धोधनचा, सप्रेम जयभीम. रुख्मिणीअक्कालाही सांगा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? परभणीच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता की कपाटात ठेवून त्याच्याकडे बघता? म्हैस व्याली का? कोंबड्या किती झाल्या? (कोंबड्यांची चौकशी मी आयुष्यात पहिल्यांदाच करतो आहे, हे तुमच्या ध्यानात येईलच. कारण पुढे आहे.) आमच्याकडे माधवी ठीक आहे. माझी तब्येतही बरी आहे, फक्त सोमवारपासून अन्न गोड लागत नाही आणि कुणी नुसतं 'सर' म्हणून हाक मारली तरी अंगावर धावून जावंसं वाटतं.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून हा कागद काळा करायचं काय कारण? कारण तुम्हीच. मी फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि वालूरच्या हॉटेलात बसलेल्या आठ-दहा जणांना ऐकवता. मागच्या वेळी मी माझ्या मूळव्याधीबद्दल बोलत होतो आणि मध्येच कुणीतरी 'सर, सुरण खा' म्हणालं. तेव्हा हे पत्र एकट्याने वाचा आणि अक्काशिवाय कुणालाही दाखवू नका.

दाजी, मी अंडं खात नाही. हे तुम्हाला माहीत आहे, अक्काला माहीत आहे, माधवीला माहीत आहे. मटण, कोंबडी, मासळी काही खात नाही. सात वर्षांचा होतो तेव्हापासून नाही. तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदा वालूरला आलो तेव्हा तुम्ही माझ्या ताटात रस्सा वाढला आणि वर म्हणालात, "फोडी समद्या काढल्यात, आता ह्यो शाकाहारीच हाय." मी उठलो तर म्हणालात, "का रे, बामण झालास का?" तेव्हा मी लहान होतो, परत बसून कोरडी भाकरी खाल्ली. आज बावन्न वर्षांचा आहे आणि तोच प्रश्न अजून लोक विचारतात. आपले लोक म्हणतात, सर स्वतःला लय मोठे समजायला लागले. बाकीचे म्हणतात, शिबिराला जाऊन आलात का? कुणाचा गुरू केला का? डॉक्टरनं बंद केलं का? अहो, मला आवडत नाही! कारल्याची भाजी न खाणाऱ्याला कुणी गुरूचं नाव विचारतं का? मला मात्र दर पंगतीत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं तरी वाढणारा हसून म्हणतो, "घ्या हो सर, इथं कोण बगतंय."

आता मूळ हकीकत. आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, मुलांना उकडलेलं अंडं मिळतं. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना केळं. पोषण आहाराचा नियम असा की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने खाऊन बघायचं आणि चव नोंदवहीत शेरा मारून सही करायची. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण पहिल्याच शुक्रवारी आमचे मुख्याध्यापक सूर्यभान सर मला म्हणाले, "अंड्याची चव तुमीच बगत जा सर. तुमच्यात चालतंच की." मी म्हणालो, मी खात नाही. तर सगळी स्टाफरूम हसली. सूर्यभान सर डोळे पुसत म्हणाले, "सर लय मजाकी हायेत." आणि केळ्याच्या ताटाची चव घ्यायचं काम आपोआप गोविंदरावांकडे गेलं. गोविंदरावांना कुणीही काहीही विचारलं नाही. (गोविंदराव म्हणजे आमचे गणिताचे शिक्षक. शाळा सुटल्यावर सोवळं नेसून सत्यनारायण सांगतात, पाथरीपर्यंत बोलावणी असतात, आवाज गोड आहे.)

आता ऐका. या गोविंदरावांना अंडं इतकं आवडतं की टोपल्यावरचं झाकण उघडलं की त्यांच्या तोंडचा पाढा चुकतो. घरी त्यांची आई आहे, त्यामुळे सोय नाही. पण त्यांनी शास्त्र तयार ठेवलं आहे. म्हणे, पोल्ट्रीच्या अंड्यात जीव नसतो, म्हणून ते शाकाहारी. म्हणे, दूध कुठून येतं? म्हशीच्याच अंगातून ना? मध तर माशीच्या तोंडातून येतो आणि आम्ही तो पंचामृतात घालतो. मग अंड्यानंच काय घोडं मारलं? मी म्हणालो, मग हे सगळं आईंसमोर सांगा. तर म्हणाले, आईचं गणित कच्चं आहे. (माधवीने हा वाद ऐकला आणि मलाच धारेवर धरलं. म्हणाली, तुम्ही दिवसातून पाच वेळा चहा पिता, त्या म्हशीची संमती घेतली होती का? मी त्या दिवशी काळा चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी परत दुधाचा. तत्त्व वेगळं आणि डोकेदुखी वेगळी.)

तेव्हा आम्ही एक व्यवस्था केली. नमुन्याची दोन ताटं धान्याच्या खोलीत यायची. माझ्या ताटातलं अंडं गोविंदराव खायचे, त्यांचं केळं मी खायचो. ते बोटं पुसत सांगायचे, "झकास हाय," आणि मी नोंदवहीत लिहायचो, 'चव उत्तम', खाली माझी सही. त्यांच्या नोंदवहीत केळं उत्तम, खाली त्यांची सही. चौदा शुक्रवार हे चाललं. सरकारला अंड्याची खरी चव कळत होती, मुलांना चांगलं अंडं मिळत होतं, फक्त तोंड एकाचं आणि सही दुसऱ्याची होती. यात काही चुकतं आहे असं मला वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं होतं. पण 'मी खात नाही' हे खरं सांगून झालं होतं आणि त्याच्यावर लोक हसले होते. खरं कुणाला नको असेल तर माणूस कुठवर ते घेऊन फिरणार?

पंधराव्या शुक्रवारी संकष्टी आली.

गोविंदरावांना संकष्टीचा उपवास! मी ताट घेऊन गेलो तर त्यांनी कानाला हात लावले. म्हणाले, "आज न्हाई हो सर, पाप लागंल." दाजी, माझा राग तिथूनच सुरू झाला. चौदा शुक्रवार ज्याच्यात जीव नव्हता त्या अंड्यात पंधराव्या शुक्रवारी जीव कुठून आला? पण वेळ नव्हता, मुलं ताटल्या वाजवत होती. त्यात स्वयंपाक करणाऱ्या आसराबाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, बगा बरं शिजले का. मधीच गॅस संपला." मी अंडं हातात घेतलं. पांढरं होतं, गोल होतं, गरम होतं. कानाशी धरून नारळासारखं हलवून पाहिलं, बोटाने वाजवून पाहिलं. यापेक्षा जास्त मला अंड्यातलं काय कळणार? म्हणालो, "शिजले." लिहिलं, 'चव उत्तम'. सही केली.

नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. मुलांच्या पंगतीशेजारी टेबलाशी बसले, कौतुकाने म्हणाले, मीही आज हेच खाणार. टेबलाच्या कडेवर अंडं आपटलं आणि सोलायला घेतलं, तर पिवळा बलक त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरला आणि तिथून खाली उघड्या असलेल्या नोंदवहीवर पडला, बरोबर माझ्या 'उत्तम'वर. एकेचाळीस मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साहेब विज्ञानाचा प्रयोग दाखवतात. कच्चं अंडं कुणाच्या पोटात गेलं नाही, सगळी परत पातेल्यात घालून उकडली, एवढं नशीब.

सोमवारी मला नोटीस मिळाली. शब्द असे: 'सदर अंडे आपण प्रत्यक्ष चाखले होते काय? चाखले असल्यास कच्च्या अंड्याची चव उत्तम कशी? चाखले नसल्यास स्वाक्षरी कशी? सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' दाजी, सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक लाल रेघ नाही. पावसात ओढा ओलांडून शाळेत गेलो आहे. आणि आता निवृत्तीला सहा वर्षं राहिली असताना अंड्याने मला घेरलं.

बघा कसा अडकलो आहे. 'मी खात नाही' असं लिहिलं तर मागच्या चौदा सह्या खोट्या ठरतात. 'गोविंदराव खायचे' असं लिहिलं तर खरं होईल, पण त्यांची सत्यनारायणाची बोलावणी बंद होतील आणि त्यांची आई, जी मला दर संक्रांतीला न चुकता तिळगूळ पाठवते, ती अन्न सोडेल. आणि 'मी खाल्लं' असं लिहिलं तर प्रश्न मिटतो. फक्त मी कच्चं अंडं आवडीने खाणारा माणूस म्हणून सरकारी फायलीत कायमचा बसतो, माझ्याच अक्षरात. पंचेचाळीस वर्षं प्रत्येक पंगतीत जे नाही म्हटलं, ते एका सहीने हो होतं.

काल संध्याकाळी गोविंदराव घरी आले. माझे दोन्ही हात धरून बसले, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "सर, माझी अब्रू तुमच्या हातात हाय. तुमीच खाल्लं म्हणून लिवा." मी विचारात पडलो होतो, खरंच लिहिणार होतो, आणि तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "तुमाला काय फरक पडतो?"

दाजी, हे वाक्य मला लागलं. नोटिशीपेक्षा जास्त लागलं. बावीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतो, माझ्या हातातली केळी याने पाहिली आहेत, आणि याला वाटतं मला फरक पडत नाही! त्याने जन्मभर अंडी खावीत, तरी तो शाकाहारी, कारण त्याच्या आजोबांनी खाल्ली नाहीत. मी जन्मभर खाऊ नयेत, तरी मी खाणारा, कारण माझ्या आजोबांनी खाल्ली असतील. म्हणजे आमच्या दोघांच्या तोंडात काय जातं याला किंमतच नाही, आजोबा जेवून गेले की झालं! मी उठलो आणि दार दाखवलं. त्यांचा चहा अर्धाच राहिला. (कप माधवीने उचलला. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. म्हणे, दारी आलेल्या माणसाला चहा पुरा पिऊ द्यावा, मग हाकलावं.)

तर असं चाललं आहे. मी डगमगणारा नाही, कुणापुढे हात पसरणारा नाही आणि तुम्हाला काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, नुसतं मन मोकळं केलं. अक्काला सांभाळा. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा,
सिद्धोधन

ता. क. एक मागायचं आहे. तुम्ही उपसरपंच आहात, शिक्का तुमच्या घरात असतो. मला एक दाखला द्या: 'सदर इसम आमच्या घरी चाळीस वर्षांपासून येतो-जातो, त्याने आजवर आमच्याकडे अंडे अथवा मांस खाल्लेले नाही, अनेकदा आग्रह करूनही नाही.' माझ्याकडे जातीचा दाखला आहे, त्याची पडताळणी आहे, रहिवासी आहे, उत्पन्नाचा आहे. एवढा एकच राहिला होता. तुमच्या शेवटच्या रश्शाची तारीख आठवत असेल तर तीही घाला.

ता. क. दाखल्यात केकचा विषय नको. स्टेशनजवळच्या बेकरीतून मी पंधरा वर्षं मुलांच्या वाढदिवसाचे केक आणले आणि निम्मे स्वतः खाल्ले. मागच्या महिन्यात सहज विचारलं तर बेकरीवाले चाचा म्हणाले, "सर, अंडे के बगैर इत्ता फूलता क्या?" नकळत खाल्लेलं धरत नाहीत. (त्यानंतर जो एक आणला तो आमच्या नीलमच्या वाढदिवसाचा होता. लेकराचं मन मोडवत नाही.)

ता. क. गुरुवार, दुपार. चिकटवलेलं पाकीट फोडून हे लिहितो आहे. आज सकाळी गोविंदरावांनी साहेबांच्या हातात स्वतःच्या सहीचा कागद दिला: 'अंडी दर शुक्रवारी मी खात होतो. सिद्धोधन सर निर्दोष आहेत.' कुणी सांगितलं नव्हतं. रात्रभर झोपले नव्हते म्हणे. मी वाचलं आणि मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. परवा त्यांना हाकललं त्याची लाज वाटली. पण साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, सहकाऱ्याची नोकरी वाचवायला या माणसानं स्वतःच्या कुळाला बट्टा लावून घेतला, असा सहकारी भाग्यानं मिळतो. गोविंदराव शपथा घेऊन सांगायला लागले, "खरंच खातो हो मी, साहेब, आवडीनं खातो!" ते जितकं सांगत गेले तितके सगळ्यांच्या नजरेत थोर होत गेले. सूर्यभान सर तर रडले. उद्या शाळेत त्यांचा सत्कार आहे आणि हार मी घालायचा आहे. माझा खुलासा अजून बाकी आहे.

तेव्हा दाजी, दाखले दोन पाठवा. तुमच्या नव्या घराच्या जेवणाला गोविंदराव माझ्यासोबत आले होते आणि माझ्या पिठल्याशेजारी बसून चार अंड्यांची भुर्जी खाल्ली होती, ती तुम्हीच वाढली होती. एक दाखला, मी खात नाही याचा. दुसरा, ते खातात याचा. दोन्हींवर शिक्का ठळक मारा, कारण आमच्या दोघांच्या शब्दावर इथे कुणाचा विश्वास नाही.