जास्तीची परात

नांदेड

ती. आईस, तुझ्या वर्षाराणीचा पाया पडून नमस्कार.

हितं माझं बरं चाललंय. दवाखान्यात माझ्यासंगं कामाला असल्याल्या बाया जीव लावत्यात. खोली मात्र एवढीशी, की अंथरूण घालायचं तर शेगडी उचलून ठेवावी लागती.

निघताना तू परात बांधून दिलीस, तवा म्या तोंड वाकडं केलं व्हतं. तू म्हणालीस, "घरात जास्तीची पडलीय, ने. शेरडं घेऊन माळावर ऱ्हायला जाताना आमी चार कामाला येईल असंच भांडं न्यायचो." लई खरं बोललीस. माझा निम्मा संसार तिच्यावरच चाललाय. तिच्यात पीठ मळती, भाकरी थापती, भाजी निवडती, आन काम झालं की तीच हंड्यावर झाकती. शेजारणीकडं कपाटभर भांडी हायेत, तरी सांडगे वाळवायला माझीच परात मागून नेती.

काल घासताना ती उलटी केली. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी तुझं नाव घातलंय, 'पारूबाईस मामाकडून', आन खाली तुझ्या लग्नाचं साल.

दादांचा खोकला थांबला का? वेल्ह्यास्नं वाडीपतूर यष्टी येती का आता?

फोनवर विचारलं तर हसून उडवशील, म्हणून लिहून विचारती. आई, तू आता भाकरी कशात थापतीस?

तुझीच लेक,
वर्षा