गोळ्यांचा सोमवार

तीर्थस्वरूप जयंतीआक्कास,

मुलुंडहून दत्तारामचा अर्धा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलं की धाप लागते. उरलेला अर्धा मे महिन्यात गावी तुझ्या अंगणात येऊन करीन.) तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला ताळ्यावर असतील अशी आशा आहे. फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. आमच्याकडे फोन स्पीकरवर लावून सगळे मिळून बोलतात, आणि माझी पाळी येईपर्यंत तू ‘बरा तर मग’ म्हणून ठेवून देतेस.

माझं हृदय कमजोर झालंय हे तुला ठाऊक आहेच. रक्त ढकलायचा त्याला कंटाळा, मग पाणी पायात उतरतं आणि छातीतही साठतं. त्यावर रोजच्या चार गोळ्या आहेत. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर दीप्तीबाईंनी त्यांच्या जोडीला माशाच्या तेलाची कॅप्सूल दिली, करवंदाएवढी. (साठ वर्षं बांगडे खाल्ले त्यांचं तेल कुठे गेलं, असं मी विचारलं. बाई नुसत्या हसल्या.) उपयोग झालाच तर थोडा होईल, खरं काम गोळ्यांचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुझ्या भावजयीने, प्रेमाने, त्यातलं ‘मासा’ एवढंच ऐकलं.

सूनबाई ऋतिकाने सात खणांची डबी आणली होती, वाराप्रमाणे एकेक खण. प्रेमा रविवारी बसून प्रत्येक खणात चार गोळ्या आणि एक कॅप्सूल भरायची. पहिल्याच सोमवारी तिच्या लक्षात आलं की आज वार आहे. आपल्या घरात सोम, गुरू, शनी मासा शिवत नाही, तुला सांगायला नको. बरं, कॅप्सूल तेवढी बाजूला काढावी, तर तिचं म्हणणं, बाकीच्या चार गोळ्या कालपासून त्याच खणात माशाला चिकटून बसल्यात, त्या आता शाकाहारी कशा राहतील? खणच बाटला, म्हणून वाराचे तिन्ही खण कायमचे बंद. ‘आज औषधाक पण सोमवार,’ असा निकाल लागला. मीही शहाणा, गप्प बसलो. त्यातल्या एका गोळीने सकाळभर संडासाच्या वाऱ्या कराव्या लागतात, तेवढीच सुट्टी मिळाली म्हणून मनातून खूश झालो.

हे तीन आठवडे चाललं. रोज सकाळी माझं वजन करून ते कॅलेंडरवर लिहायचं काम प्रेमाकडे आहे. वजन तीन किलोंनी वाढलं. ते वाढलं की लगेच कळवा, असा कागद डॉक्टरांनी दिला होता, तो कॅलेंडरच्या मागेच टांगलेला होता. प्रेमाने डॉक्टर सोडून सगळ्यांना कळवलं. तेल अंगी लागलं! तळमजल्यावरच्या मृणालिनीबाईंनी तर आपल्या नवऱ्यासाठी कंपनीचं नाव लिहून घेतलं. माझ्या चपला पायात जाईनात, तेव्हा प्रेमा म्हणाली, पाय भरलेत.

चौथ्या सोमवारी मी पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसलो तो उठलोच नाही. चार दिवस हॉस्पिटल झालं. इंजेक्शनं देऊन ते तीन किलो बाहेर काढले, सगळं पाणीच होतं. दीप्तीबाईंनी गोळ्यांचा हिशेब विचारला, प्रेमाने खरं ते सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. कॅप्सूल सोमवारी नाही घेतली तरी काही बिघडत नाही, पण या चार गोळ्यांना वार नसतो, असं त्या शांतपणे म्हणाल्या. प्रेमा तिथेच रडली. मला फार वाईट वाटलं, कारण गप्प तर मीही बसलो होतो.

आता दोन डब्या आहेत. गोळ्यांच्या डबीवर प्रेमाने हिरवी टिकली लावलीय, कॅप्सूलच्या डबीवर लाल. तब्येत बरी आहे. यंदा खारा बांगडा पाठवू नकोस, मिठाला बंदी आहे. भावोजींना नमस्कार, लहानांना पापे.

तुझा,
दत्ताराम

ता. क. वरचं पत्र प्रेमाने वाचून पास केलंय. हे पुढचं पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय.

मी गेल्या वर्षी आयसीयूत होतो, तेव्हा तिने ग्रामदेवाला बोलून ठेवलंय की हे ठणठणीत बरे होईपर्यंत मी मासा तोंडात घालणार नाही. हा आजार जाणारा नाही, त्याला सांभाळून जगायचं असतं, हे दीप्तीबाईंनी तिच्यासमोरच सांगितलं. तरी नवस कायम. अकरा महिने ती मला ताजी सुरमई करून वाढते, चवही न बघता, आणि शेजारी बसून डाळभात खाते. मालवणची मुलगी ती, आक्का. मला घास उतरत नाही.

गुरवाला सांगून देवाला कौल लाव. भाऊ चालतो, जेवतो, भांडतो, एवढा बरा पुरे का, असं विचार. कौल उजवा पडला, देव हो म्हणाला, तर प्रेमाला लगेच फोन कर.

आणखी एक. डावा पडला तरी तिला उजवाच सांग. देवाची माफी मी मागीन.