सासऱ्यांचा सॉना आणि माझी भट्टी

२८ मे, मंगळवार
आजपासून आळस बंद. फोनच्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या भंगार सर्किट-पट्ट्या आल्या. सात पोती. लोकांना कचरा दिसतो, मला आतलं सोनं दिसतं. जन्म धातूच्या कारखान्यात काढलाय. सिर्का म्हणते, कारखान्यात नाही, गेटवरच्या वजनकाट्यावर. बायकोला काय सांगणार. भट्टीत जे जे गेलं, ते माझ्या काट्यावरूनच गेलं.
जागा ठरली: सासऱ्यांचा सॉना, तळ्याकाठची वाफेने न्हायची लाकडी खोली. चूल आहे, धुराडं आहे. शनिवार सोडला तर रिकामाच असतो.

३० मे
सासऱ्यांना कळलं. त्यांचा जन्म त्याच सॉनातला, हे दर तासाला सांगतात. (तेव्हा बायका तिथेच बाळंत व्हायच्या.) नव्वदी उलटली, फुफ्फुसं संपली, डॉक्टरांनी हात टेकले. जूनमधला मध्य-उन्हाळ्याचा सण झाला की सोमवारी हॉस्पिटल. तिथून परत येणं नाही. मागणं एकच: सणाच्या संध्याकाळी शेवटचा सॉना, स्वतःच्या सॉनात. म्हटलं, बाबा, शब्द दिला. त्याआधी सोनं काढून चूल चकाचक करून देतो.

१ जून, शनिवार
ज्यांवर पाणी टाकून वाफ काढतात ते चुलीतले दगड बाहेर, धातू वितळवायची मूस आत. एका शनिवारच्या सॉनासाठी दगड परत कोण लावणार? सासरे टॉवेल मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. म्हणाले, जावईबापू, माझ्याकडे शनिवार फार उरलेले नाहीत.
म्हातारी माणसं फार नाटकी.

५ जून
प्रयोग पहिला. पट्ट्या पेटल्या, वितळल्या नाहीत. शेजारचा व्होइत्तो धावत आला, त्याच्या बायकोच्या चादरी काळ्या झाल्या म्हणे. विचारतो, इल्पो, जाळतोयस काय, मेलेलं कुत्रं? अडाणी. ज्याच्या घरी विजेवरचा सॉना आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची.
सासरे खूप खोकले. बहुधा बर्चच्या झाडांचे परागकण. मोसम आहे.

८ जून, शनिवार
सॉना नाही. कारणं तांत्रिक.

११ जून
उष्णता कमी पडते. पानं उडवायचा ब्लोअर चुलीला लावला. झकास. सिर्का म्हणाली, बाबांना श्वास घेता येत नाहीये, बंद कर ते. म्हटलं, खिडकी लाव. शेवटी मीच जाऊन लावली. त्यांनी परत उघडली. हट्टी माणूस.

१५ जून, शनिवार
आज सासरे पायरीवर नव्हते. समजूत पटली वाटतं. सिर्काचं म्हणणं, त्यांना उठवत नाही.

१९ जून
सिर्का म्हणाली, शुक्रवारी सॉना दे. मग आयुष्यात तुझ्याकडे काही मागणार नाही. म्हटलं, दिला. उद्या शेवटची खेप वितळवतो आणि चूल मोकळी.

२० जून
कंटाळा आला. उद्या सकाळी.

२१ जून, शुक्रवार. सण
दुपार. सकाळ कोळसा आणण्यात गेली. पण मुशीत रस झालाय. लालबुंद. मी म्हणालोच होतो. सॉना संध्याकाळी हवाय, वेळ भरपूर आहे.

संध्याकाळ. उगाच वावड्या नकोत म्हणून लिहून ठेवतो. चूल तापलेली, मी घामाघूम, जरा बाकावर टेकलो. हात आपसूक बादलीकडे गेला, पळी भरली आणि टाकलं पाणी. साठ वर्षांची सवय आहे. तापलेल्या चुलीसमोर बसून जो पाणी टाकत नाही, त्याला आमच्यात आजारी समजतात. वितळलेल्या धातूवर पाणी घालू नये, ही पाटी कारखान्याच्या गेटवर होती. मी तिच्याखालीच डबा खायचो.
स्फोट. माझ्या भुवया गेल्या, मग छप्पर, मग बाकीचं सगळं.
सिर्काने सासऱ्यांना चादरीत गुंडाळून, खुर्चीत बसवून अर्ध्या वाटेपर्यंत आणलं होतं. त्यांनी सगळं पाहिलं. व्होइत्तो म्हणाला, काका, आमच्याकडे चला. म्हणाले, नको रे पोरा, मला टोस्टरमध्ये बसायचं नाही. मग सिर्काला खुर्ची घराकडे वळवायला सांगितली.
जळत्या भट्टीजवळ पाण्याची बादली ठेवली कोणी, हा खरा प्रश्न आहे.

२४ जून, सोमवार
त्यांना हॉस्पिटलात नेलं. मला गाडीत जागा नव्हती. मागच्या सीटवर त्यांची उशी होती.

२ जुलै
सासरे गेले. पूर्वी गेलेल्या माणसालाही सॉनातच न्हाऊ घालायचे. सिर्काने नर्सकडून घमेलं मागून घेतलं आणि एकटीने त्यांना पुसून काढलं. मी बाहेर बसलो. राखेतून चाळून काढलेला गोळा खिशात होता, पण ती वेळ दाखवायची नव्हती.
घरी आल्यावर दाखवला. हातात घेऊन म्हणाली, हा आईचा बंब. सॉनातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब वितळला होता.
तांबं शुद्ध निघालं, एवढं तरी तिने मान्य करायला हरकत नव्हती.

१३ जुलै
दफन झालं. शवपेटीला सहा जण लागतात. जावई म्हणून मी पुढे झालो. सिर्का म्हणाली, सहा माणसं झाली आहेत. माझ्या कमरेचा विचार केला असावा.

२० जुलै, शनिवार
सिर्का आठवडाभर व्होइत्तोच्या घरी आहे, त्याच्या बायकोच्या शिवणाच्या खोलीत. तात्पुरती.
संध्याकाळी धुतलेले कपडे बगलेत मारून तिकडे गेलो. विजेचा तर विजेचा. आमच्यात सॉनाच्या दारात आलेल्या माणसाला कोणी परत पाठवत नाही. वैऱ्यालाही नाही. व्होइत्तो दारातच उभा होता. म्हणाला, आत बायका आहेत. म्हटलं, मग पुरुषांची पाळी कधी? म्हणाला, झाली. म्हटलं, थांबतो मी. म्हणाला, नको, इल्पो.
आतून हसण्याचा आवाज आला. सिर्काचा. बरेच महिने ऐकला नव्हता.
घरी येऊन शॉवरखाली उभा राहिलो. रडू आलं. पाणी गार होईपर्यंत तिथेच उभा होतो.