चुन्याचे मोर

अमळनेर,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६३

प्रिय चुडामण,

नऊ वर्षांनी अक्काचं अक्षर दिसलं म्हणून पत्र फाडू नकोस. सुरतचा पत्ता उखर्डूनानांनी दिला. तिथे स्टेशनवर पोती उचलतोस म्हणे. अरे, नानांनी ज्या हाताला चुन्याचं काम शिकवलं, तो हात पोत्याला लावतोस? 

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले होते. नानांना आता मोतीबिंदूने नीट दिसत नाही, तरी बाहेरगावचं कुणी आलं की गावातली नवलाची घरं दाखवत हिंडतात. मलाही म्हणाले, चल, तुझ्या भावाचा हात कुठे कुठे फिरलाय ते बघ. पेठेत एका घराचं तोंड थेट आगबोटीसारखं, गोल खिडक्या, वर भोंगा. आणि बांधणाऱ्याने जन्मात समुद्र पाहिलेला नाही! पुढे एका दारावर ज्वारीच्या कणसांचं तोरण, त्यावर तुझ्या चुन्याच्या चिमण्या. खऱ्या चिमण्यासुद्धा फसून शेजारी येऊन बसतात. नाना प्रत्येक घरापुढे मला थांबवायचे, काठी उगारून विचारायचे, "हाई लाकूड शे का चुना?" मी दरवेळी चुकले. ते मात्र एकदाही हसले नाहीत. मला वाटलं, म्हातारा माझी परीक्षा का घेतोय?

शेवटी माझ्या माहेरी, आपल्या घरापाशी आणलं. आबा गेल्यापासून कुलूपच आहे. सज्ज्याखाली तुझा एकच मोर उरलाय. चुन्यावर सागाच्या रेषा अशा ओढल्यास की सुतारानेही रंधा मारायला घ्यावा. दुसऱ्या मोराच्या जागी भगदाड आहे. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या माहेरपणाला, त्या दोन मोरांना झोका बांधला होता, त्यावर माझी कुंदा. सहा वर्षांची. हातात नव्या बांगड्या. मोर तुटला आणि तिच्यावरच आला. पोर जागीच गेली. तू साऱ्या गल्लीसमोर म्हणालास, चुना कच्चा राहिला, चूक माझी. मी म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याच दिवशी तू गेलास.

नानांनी तिथे प्रश्न विचारला नाही. उरलेल्या मोराकडे काठी करून एवढंच म्हणाले, "तुले माहीत शे, मंजुळा. मी परांचीवर व्हतू."

होय, मला माहीत होतं, आणि नानांनी वरून ऐकलंही होतं. त्या सकाळी तू बजावलं होतंस, अक्का, मोर नुसते शोभेचे आहेत, झोका मागच्या निंबालाच बांध. मी हो म्हटलं. पण भावाचं काम लोकांनी बघावं, असं मला फार वाटत होतं रे. दोर मीच बांधला. हात फिरवून पाहिला, तर लाकूडच वाटलं. खरं कळतं तर सासरी मला कुणी उभं केलं नसतं, म्हणून तू दोष अंगावर घेतलास आणि मी घेऊ दिला. काल घरात सगळं सांगून टाकलं. हे उठून मळ्यात गेले, ते अजून आले नाहीत. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. त्यानंतर एकाही आखाजीला मला माहेरी न्यायला कुणी आलं नाही, आणि विचारणाऱ्याला मी सांगत आले, मला भाऊ नाही. यंदा मुराळी होऊन मला न्यायला ये, चुडामण. नाही आलास तरी तुला बोल लावणार नाही. घराची किल्ली नानांकडे आहे.

तुझीच,
मंजुळाअक्का