पालथा घातलेला फोटो

सर, रविवार, २४ नोव्हेंबर १९९६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही माझा फोटो टेबलावर पालथा घातलात. वेळ पक्की लक्षात आहे, कारण घड्याळ तुमच्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघायची माझी इच्छा नव्हती. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायची पद्धत आहे. ती मी तुमच्या शोकसभेत पाळली. तेवढं पुरे.

तुमचा क्लब म्हणजे एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात रविवारी जमणारे हौशी लोक. दोन डॉक्टर, एक वकील, विम्याचे एजंट, आणि टेलिफोन खात्यातली मी, एकटी बाई. सगळ्यांकडे कॅमेरे माझ्यापेक्षा महाग. तुम्ही नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. तिथे नोकरीभर छापील नोटांचे ताव तपासलेत, शाई फुटलेला, रेघ सरकलेला ताव बाजूला काढलात. निवृत्तीनंतर काढायला ताव उरले नाहीत, म्हणून आमचे फोटो तपासायला घेतलेत. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, चारी कडांवरून नजर फिरवायची, मग आत शिरायचं. ज्याचा फोटो त्याने उभं राहून आधी स्वतःच तीन दोष सांगायचे, तोवर इतरांनी तोंड उघडायचं नाही. दोष गंभीर असला की तुम्ही फोटो पालथा घालायचात. पालथा पडलेला फोटो वार्षिक प्रदर्शनात लागायचा नाही. याला तुम्ही आत्मपरीक्षण म्हणत होतात.

मी नन्सच्या शाळेत शिकले, मला हे आत्मपरीक्षण लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली कन्फेशनच्या रांगेत उभ्या राहून कुठलं पाप सांगायचं ते आपसात ठरवायच्या. फार मोठं नको, फार लहान नको, फादर रागावणार नाहीत पण ऐकून घेतील असं. तुमच्या क्लबात तेच चालायचं, फक्त मुली पन्नाशीच्या होत्या आणि त्यांना मिशा होत्या. डॉक्टर उभे राहतात, गोदावरीवरच्या सूर्योदयाचा फोटो धरतात, मान खाली घालून म्हणतात, "सर, क्षितिज किंचित तिरकं झालंय. माझंच चुकलं." लगेच वकील म्हणतात, "छे हो डॉक्टर, तेवढं काय!" मग वकिलांची पाळी, आणि डॉक्टर म्हणतात तेवढं काय. स्वतःचे दोष सांगून इतकी वाहवा मिळवणारे लोक मी पुन्हा पाहिले नाहीत. त्या फोटोंत माणूस नसायचाच. असला तर पाठमोरा, नाव वल्हवणारा.

माझ्या फोटोत मात्र एक बाई होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात झेंडूच्या ढिगात बसलेली, जवळच्या मखमलाबादची. मी दोन-तीनदा कॅमेरा रोखला तेव्हा ती म्हणाली, "ओ ताई, नुसत्या बघताय काय? फुलं घ्यायची नसली तं फोटू तरी काढा!" आणि हसत ओंजळभर झेंडू माझ्या अंगावर फेकला. त्याच क्षणी मी बटण दाबलं. फोटोत फुलं हवेत आहेत, तिचा हात धूसर झालाय, आणि दात सगळे दिसताहेत. मी तिला सांगून टाकलं की हा फोटो प्रदर्शनात लागेल, कधी आणि कुठे तेही. ती म्हणाली, "मग मी येणार. सासूला बी आणते, तिला वाटतं मी बाजारात नुसती झोपा काढते."

तुम्ही म्हणालात, "मॅडम, तीन दोष." मी म्हटलं, "मला दिसत नाहीत." वर्गात कोणीतरी घसा खाकरला. तुम्ही म्हणालात, "हात हललाय." मी म्हटलं, "हात हलला म्हणून तर फुलं उडाली, सर." "मग शटर वाढवायचं होतं. डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर आलंय." "बाजार आहे, सर. तिथे माणसं कोपरासकट येतात." कोणी हसलं नाही. तुम्ही म्हणालात, "ज्याला स्वतःचे दोष दिसत नाहीत त्याला शिकवण्यासारखं काही नसतं," आणि फोटो पालथा घातलात. कोपराचं सोडा, सर. चांगली नोट दुसऱ्या चांगल्या नोटेसारखी दिसते, तशीच दिसायला हवी, नाहीतर ती खोटी. फोटोचं बरोबर उलटं आहे, आणि एवढी साधी गोष्ट तुमच्यासारख्या हुशार माणसाला शेवटपर्यंत कळली नाही.

तिला येऊ नको म्हणून सांगायला मी फुलबाजारात गेले होते, पण सण संपल्यावर ती बसेनाशी झाली होती. प्रदर्शनाच्या दिवशी ती आलीच. जरीकाठाचं लुगडं, केसात स्वतःच्या मळ्यातली शेवंती, बरोबर सासू आणि एक जाऊ. तिघी सगळ्या भिंती फिरल्या. एकेका सूर्योदयापुढे थांबल्या, पुढे सरकल्या. शेवटी, मी गर्दीतून पुढे होण्याआधीच, ती दाराशी तुमच्याकडे आली, कारण तुमच्या कोटाला बिल्ला होता. "सायेब, माझा फोटू कुठं लावलाय?" तुम्ही सरळ सांगितलंत, "तो निवडला नाही. दोष होते." सासू म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं." ती सासूकडे वळलीसुद्धा नाही. तुम्हाला विचारलं, "दोष कशात व्हते सायेब? फोटूत का माझ्यात?"

तुम्ही बिल्ला नीट केलात आणि डॉक्टरांच्या बायकोला नमस्कार करायला गेलात.

फोटो मी पुढे मखमलाबादला नेऊन दिला. तिने बघितला आणि म्हणाली, "चांगला तं हाय की." मी त्यानंतर क्लबात पाऊल टाकलं नाही.

गेल्या रविवारी टाकलं. तुमच्या शोकसभेला ज्येष्ठ सभासद म्हणून बोलावलं होतं, आता मीही निवृत्त आहे, वेळ असतो. कॅमेरे डिजिटल झालेत, फोटो भिंतीवरच्या पडद्यावर दिसतात, बाकी तुमचंच राज्य. हार घातलेला तुमचा फोटो टेबलावर होता. त्यात तुमच्या कानाची सावली भिंतीवर पडली आहे आणि कपाळ पांढरं फटक, पण तो कोणी पालथा घातला नव्हता. सभा आटोपल्यावर नेहमीसारखी मुलंमुली उभी राहून घडाघडा तीन दोष सांगत होती. एका मुलीने तिच्या आजीचा फोटो दाखवला. म्हातारी भाकरी थापता थापता मान वर करून कोणावर तरी ओरडतेय. मुलगी म्हणाली, "एक, फोकस कानावर गेलाय. दोन, मागे गॅसची शेगडी. तीन, तोंड उघडं आहे." क्लबचे आताचे संचालक म्हणाले, "छान परीक्षण! असे काढून टाकावेत." ती कॅमेऱ्यातून तो पुसायला लागली. मी उठून तिचा हात धरला आणि म्हटलं, "आजी आहे का?" म्हणाली, "नाही, मागच्या महिन्यात गेली." बरोबर, गेली, आणि ही तिचं उघडं तोंड पुसतेय. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. नन्सनी मला तसलं शिकवलं नव्हतं. फोटो राहिला एवढं सांगते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, मला समजतं. कपाटातच राहील. एक मात्र कबूल करते. पालथा घालण्याआधी तुम्ही तो फोटो खूप वेळ हातात धरला होतात, इतका की मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. माझ्या कुठल्याच फोटोकडे त्यानंतर कोणी तितका वेळ पाहिलं नाही. आता सगळे एक नजर टाकतात आणि "मस्त" म्हणतात. त्याचा मला राग येतो, आणि तो राग मी तुमच्यावर काढते.

तरीही त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे. येत्या रविवारी सकाळी दहाच्या आत, लेखी. तोंडी चालणार नाही. तोंडी सांगायची संधी तुम्हाला दाराशी मिळाली होती.